जुन्या चेन ट्रॅक्टरला पाना लावण्याआधी

सासवडच्या पुढे एका शेताच्या बांधावर, बाभळीखाली, तो उभा होता. मालक त्याला ‘चेन ट्रॅक्टर’ म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी कधीतरी सरकारी लिलावात घेतलेला, पंधरा-वीस वर्षं जागचा न हललेला. सायलेन्सरचा पाइप आभाळाकडे उघडा. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला होता आणि आठवड्याने गॅसकटर घेऊन येणार होता.

मी आणि माझा मावसभाऊ त्या दिवशी फक्त तीन गोष्टी घेऊन गेलो होतो: रॉकेलची बाटली, दात घासायचा जुना ब्रश आणि खडू. मावसभावाचं भोसरीला लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पाने, जॅक, पहार, सगळं त्याच्या टेम्पोत होतं; पण ते मुद्दाम खाली काढलं नाही. गाडीच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या ओतीव भागावर बोटभर ग्रीस आणि माती बसली होती. ती रॉकेलने भिजवून हळूहळू घासली, कापडाने पुसली आणि वर खडू आडवा फिरवला. खोल ठोकलेले आकडे काळे राहिले, आजूबाजूचं लोखंड पांढरं झालं. ‘५यू’ आणि पुढे चार आकडे.

एवढ्यावरून बरंच कळलं. हा कॅटरपिलर डी२. ‘५यू’ ही मालिका १९४७ ते १९५७ या काळातली, आणि तिच्यात दोन चेनच्या मध्यरेषांमधलं अंतर ५० इंच. ‘४यू’ निघाला असता तर तोच डी२, पण ४० इंची अरुंद. ‘३जे’ किंवा ‘५जे’ असता तर १९३८ ते १९४७ मधला, छोट्या बोअरच्या, म्हणजे कमी व्यासाच्या सिलिंडरच्या, इंजिनाचा. इंजिनवरच्या पट्टीवरही तोच क्रमांक निघाला, म्हणजे इंजिन आणि अंग जन्मापासून एकत्र होतं. दोन क्रमांक वेगळे निघाले असते तर इंजिन कधीतरी बदललं असं समजून पुढचा शोध घ्यावा लागला असता.

जुना चेन ट्रॅक्टर दुरुस्त करायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: आधी वाचा, मग खोला. हे यंत्र हाच त्याच्याविषयीचा सगळ्यात मोठा कागद आहे. आपल्याकडे बाकीचे कागद बहुधा राहिलेले नसतात. त्यात रस्त्यावर धावण्यासाठी नसलेल्या अशा गाडीचं आरसी बुकही बहुतेक वेळा नसतं. जे काही उरलं आहे ते लोखंडावर लिहिलेलं आहे, आणि घाईत मारलेला एक ग्राइंडर ते कायमचं पुसून टाकतो.

पण आधी, चाकं सोडून चेन कशासाठी, ते पाहू. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुतते, पण तिच्याशेजारून माणूस चालत जाऊ शकतो. सगळा प्रश्न वजन किती जागेवर पसरतं याचा आहे. डी२ चं वजन साधारण ३ टन. एका बाजूची चेन जमिनीला साधारण दीड मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद टेकते असं धरा. दोन्ही बाजू मिळून ९,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक तृतीयांश किलो. चालताना आपला सगळा भार एका पावलावर येतो तेव्हा जमिनीवर जवळपास एवढाच दाब पडतो. तीन टनांचं लोखंड माणसाच्या पावलाइतक्या हलकेपणाने जमिनीवर उभं राहतं, आणि चेनवरच्या रुंद पट्ट्यांच्या, म्हणजे शूच्या, आडव्या धारा मातीत रुतत असल्याने ओढतं मात्र जबरदस्त.

ही कल्पना एकाच माणसाला सुचलेली नाही. इंग्लंडमधल्या ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीत डेव्हिड रॉबर्ट्स यांनी १९०४ मध्ये चेनचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमध्ये बेंजामिन होल्ट यांनी २४ नोव्हेंबरला आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून तिथे चेन लावून पाहिली. तिकडची दलदलीची जमीन इतकी मऊ, की चाकं रुंद करता करता यंत्र अवाढव्य होत चाललं होतं. छायाचित्रकार चार्ल्स क्लेमेंट्स यांना ते सुरवंटासारखं सरपटताना दिसलं आणि ‘कॅटरपिलर’ हे नाव पडलं, अशी हकिकत सांगतात. पुढे १९१४ मध्ये हॉर्न्सबीचे पेटंट हक्क होल्ट यांनीच विकत घेतले, आणि १९२५ मध्ये होल्ट व बेस्ट या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक होऊन कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी झाली. तिचा पहिला डिझेल ट्रॅक्टर १९३१ चा.

आपल्याकडे ही यंत्रं मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या महायुद्धात. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता अमेरिकन सैन्याने बुलडोझर लावून काढला. युद्ध संपल्यावर मागे राहिलेली यंत्रं हाताशी धरून केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. मध्य भारतातल्या लाखो एकर जमिनीत कांस गवत माजलं होतं. त्याची मुळं इतकी खोल, की बैलाच्या नांगराला दाद देत नाहीत. ती उपटायला अवजड चेन ट्रॅक्टर आणि खोल नांगर लागले. त्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. भारताला या बँकेकडून मिळालेलं हे दुसरंच कर्ज. त्याच्या महिनाभर आधीचं पहिलं रेल्वेसाठी होतं. पुढे १९५६ मध्ये राजस्थानातल्या सुरतगढला सोव्हिएत यंत्रांवर सरकारी शेती सुरू झाली. १९६४ मध्ये बंगळूरला बीईएमएल (भारत अर्थ मूव्हर्स) ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि जपानच्या कोमात्सुच्या सहकार्याने डोझर देशातच बनू लागले. म्हणून आज एखाद्या गोठ्यामागे जुनी चेनची गाडी दिसली, तर ती अमेरिकन असेल, ब्रिटिश असेल, रशियन असेल किंवा कोमात्सुच्या घराण्यातली असेल. पुण्याभोवती तर सगळंच मिसळलेलं. खडकीला बॉम्बे सॅपर्स हे सैन्याचं अभियंता दल, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि १९५०-६० च्या दशकांत कोयना, पानशेत अशी धरणांची कामं चाललेली. यंत्रं फिरत राहिली, लिलावात गेली, ठेकेदारांकडे आली, शेवटी शेतकऱ्याच्या बांधावर थांबली.

क्रमांकानंतर ओतकामावरचे आकडे वाचायचे. कॅटरपिलरच्या जुन्या भागांवर आधी अंक, मग अक्षर, मग पुन्हा अंक अशी रचना असते. ओतकामाचा क्रमांक आणि सुट्या भागाचा क्रमांक कधी कधी वेगळे असतात, म्हणून दोन्ही वहीत लिहायचे.

मग आटे. हा माझ्या फार आवडीचा भाग आहे. पोटाखालच्या पत्र्याचे बोल्ट काढताना मावसभावाने एका बोल्टवर थ्रेड गेज लावला आणि थांबला. अर्धा इंची बोल्ट, पण इंचाला १२ आटे. अमेरिकन जाड आट्याच्या अर्ध्या इंची बोल्टला इंचाला १३ असतात, आणि आट्याचा कोन ६० अंशांचा. १२ आटे आणि ५५ अंश म्हणजे ब्रिटिश व्हिटवर्थ. अमेरिकन गाडीच्या पोटाला व्हिटवर्थ बोल्ट कारखान्यात लागलेला नाही, तो आपल्याकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लागला. कारण त्या काळी इथे व्हिटवर्थचंच सामान सहज मिळायचं. तो बोल्ट भोकातही व्हिटवर्थचा टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, बसवला होता. आम्ही खोलत गेलो तसे असे अकरा बोल्ट सापडले, सगळे उजव्या बाजूचे. म्हणजे गाडी कधीतरी उजव्या बाजूने जोरात आदळली होती आणि एकाच वेळी दुरुस्त झाली होती. पुढे उजवी ट्रॅक फ्रेम, म्हणजे त्या बाजूची चेन जिच्याभोवती फिरते ती चौकट, साफ केली तेव्हा तिच्यावर वेल्डिंगचा जुना शिवण निघाला. आम्ही आधीच तो शोधत होतो.

एक व्यवहाराची सूचना: असा बोल्ट ‘जवळपास बसतो’ म्हणून अमेरिकन भोकात पिळू नका. अर्ध्या इंचाचा दोन-तीन आटे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की ओतकामातले आटे जातात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी फिरलं तर व्हिटवर्थचे टॅप, डाय, पाने अजून मिळतात. ते घेऊन ठेवा.

रंगाचं वाचन सगळ्यात नाजूक. आडोशाची जागा शोधायची, पाइपच्या मागे किंवा टाकीच्या खाली. बारीक पॉलिश पेपर ओला करून रुपयाएवढ्या जागेत गोल गोल घासायचं. मध्ये लोखंड दिसेपर्यंत घासलं की कडेने एकेका थराची बांगडी दिसते, झाडाच्या बुंध्यातल्या कड्यांसारखी. आमच्या गाडीवर वरून निळा ऑइलपेंट, त्याखाली पिवळा, आणखी खाली राखाडी. राखाडी दिसला तेव्हा आम्ही फार खूश झालो, कारण सुरुवातीचे कॅटरपिलर राखाडी होते. पण क्रमांक तसं म्हणत नव्हता. कंपनीने डिसेंबर १९३१ मध्ये राखाडी सोडून पिवळा घेतला, आणि आमची गाडी १९४७ नंतरची. म्हणजे तो राखाडी प्रायमर असणार. रंग आणि क्रमांक भांडले तर मी क्रमांकाचं ऐकतो. पिवळ्याखाली लष्करी हिरवा निघाला तर गाडी सैन्यात होती असं समजायला जागा असते, पण तेही वर्षाशी ताडून पाहायचं.

घासताना मास्क लावा आणि ओलं घासा. जुन्या पिवळ्या रंगात शिसं असू शकतं. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या लायनिंगमध्ये, सायलेन्सरच्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. कंप्रेसरची हवा मारून ब्रेकची धूळ उडवायची सवय आपल्या गॅरेजमध्ये सर्रास आहे. जुन्या गाडीवर ती अजिबात करू नका.

आता चेन. क्रॉलरच्या, म्हणजे चेनच्या गाडीच्या, देखभालीतला निम्मा खर्च पोटाखालच्या या सामानावर होतो, हे या धंद्यातलं जुनं गणित आहे. विकत घेताना इंजिनापेक्षा आधी हेच पाहावं. मागे दातांचं स्प्रॉकेट, ते चेन ओढतं. पुढे गुळगुळीत मोठं चाक, आयडलर. खाली रोलर, त्यांच्यावर गाडीचं वजन. वर चेन लोंबू नये म्हणून आधाराचा रोलर. चेन म्हणजे कड्या, त्या पिन आणि पिनवर बसणारी नळी, म्हणजे बुश, यांनी जोडलेल्या, आणि बाहेरून शू.

‘चेन लांबली’ असं सगळेच म्हणतात. लोखंड लांबत नाही. पिन आणि बुश एकमेकांवर घासून आत झिजतात, प्रत्येक जोडात थोडी फट पडते आणि सगळ्या फटी मिळून चेन लांब होते. एका जोडात २ मिलिमीटर गेले आणि बाजूला तीसच्या वर कड्या असतील, तर सहा सेंटिमीटरच्या वर वाढ झाली. हे मोजायला स्प्रॉकेटच्या दातात एक गोल लोखंडी सळई अडकवून गाडी जराशी सरकवतात, म्हणजे वरची चेन ताणली जाते. मग एका पिनच्या कडेपासून पुढच्या चौथ्या पिनच्या त्याच कडेपर्यंत टेप लावायचा. नव्या चेनचं माप पुस्तकात असतं. फरक तुमच्यासमोर येतो.

यात एक सुंदर गोष्ट आहे. पिन आणि बुश एकाच बाजूने झिजतात, कारण ओढ नेहमी त्याच दिशेची. मग प्रेसवर पिन-बुश बाहेर काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवले, की न झिजलेली बाजू कामाला येते आणि चेनला दुसरं आयुष्य मिळतं. जुने फिटर याला ‘पिन-बुश पलटी’ म्हणतात. आमच्या चेनवर हे एकदा झालेलं होतं. बुशच्या दोन्ही अंगांना खोबण होती. म्हणजे आता फिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं, नवे बुश बनवणं भाग होतं. भोसरीतच योग्य पोलादाचे बुश टर्न करून, हीट ट्रीटमेंट करून घेतले. नुसता माइल्ड स्टीलचा बुश कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. वरून कडक आणि आतून चिवट नसेल तर तो महिन्यात जातो.

स्प्रॉकेटचे दात मोजा. बहुतेक वेळा संख्या विषम निघेल, २५ किंवा २७. चेनच्या दोन बुशांमधलं अंतर स्प्रॉकेटच्या दोन दातांएवढं असतं, म्हणजे बुश एक दात सोडून एक दातावर बसतो. संख्या सम असती तर तेच ते दात कायम झिजले असते आणि उरलेले कोरे राहिले असते. विषम असल्यामुळे एका फेरीत मोकळे राहिलेले दात पुढच्या फेरीत कामाला येतात आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. दात झिजून वाघनखासारखे टोकदार झाले असतील तर त्यावर नवी चेन चढवू नका, तीही तशीच खराब होईल.

चेन ढिली की घट्ट, हे वरच्या झोळावरून ठरतं. आधाराचा रोलर आणि आयडलर यांच्यावर सरळ फळी ठेवली, तर खाली इंच-दीड इंच झोळ हवा. वीणेच्या तारेसारखी ताणलेली चेन पाहायला छान, पण ती सगळंच झपाट्याने झिजवते.

आणि एक ताकीद. आयडलरच्या मागे ट्रॅक फ्रेममध्ये एक जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते, दगड आला तर आयडलरला मागे सरकू देण्यासाठी. ती टनांमध्ये मोजावा असा दाब धरून असते. तिचा बोल्ट गंजला म्हणून गॅसने कापायचा प्रयत्न करू नका. यात माणसं मेली आहेत. पुस्तकात दिलेला जिग, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं साधन, नसेल तर ते काम हात जोडून ज्याला येतं त्याच्याकडे सोपवा.

गाडी वळते कशी? स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात. डावा दांडा ओढला की डाव्या चेनकडे जाणारा क्लच सुटतो, उजवी चेन ढकलत राहते, गाडी डावीकडे वळते. आणखी आवळून वळायचं तर डाव्या पायाचा ब्रेक. हे क्लच म्हणजे पोलादी आणि लायनिंगच्या चकत्यांची चळत. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात, दांडा ओढला तरी काही सुटत नाही. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात गाडी चालवायला घेतली आणि ती वळलीच नाही, असं होतं. म्हणून इंजिनाआधी क्लच तपासा. आणि उतारावरची गंमत लक्षात ठेवा. उतारावर इंजिन गाडीला ओढत नसतं, धरून ठेवत असतं. तिथे ब्रेक न लावता डावा दांडा ओढला तर डावी बाजू मोकळी सुटून पुढे पळते आणि गाडी उजवीकडे वळते. सपाटीवर शिकलेल्या हाताला हे उलटं वाटतं.

इंजिनाकडे येऊ. डी२ च्या डिझेल इंजिनाला चार सिलिंडर, ४ इंच बोअर, ५ इंच स्ट्रोक. त्याच्या अंगावर आणखी एक छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बसवलेलं, पोनी मोटर. त्या काळी बॅटरीच्या स्टार्टरवर एवढं डिझेल इंजिन थंडीत फिरवणं भरवशाचं नव्हतं. म्हणून आधी पोनी हँडलने किंवा दोरीने सुरू करायची. तिचा गरम धूर डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गाला शेकतो, तिचं पाणी मोठ्या इंजिनाच्या पाण्याशी जोडलेलं असल्याने तेही कोमट होतं. मग दट्ट्यांचा दाब सोडून पोनीने मोठं इंजिन नुसतं फिरवायचं, तेल सगळीकडे पोचलं की दाब चालू करायचा, डिझेल सोडायचं. इतर कंपन्यांनी वेगळ्या वाटा काढल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या टीडी मालिकेत तेच इंजिन आधी पेट्रोलवर, स्पार्क प्लगवर सुरू होऊन मग डिझेलवर जातं. अॅलिस-चाल्मर्सच्या एचडी-७, एचडी-१० मध्ये जनरल मोटर्सचं टू-स्ट्रोक डिझेल, त्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

आमचं इंजिन जाम होतं. कारण तो उघडा सायलेन्सर. पंधरा-वीस पावसाळ्यांचं पाणी त्यातून उतरलं, आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता तिथे जाऊन बसलं. हेड काढलं तर तीन सिलिंडर ठीक, चौथ्यात दट्ट्याभोवती गंजाची जाड तांबडी कड. मालकांनी त्या पाइपवर एक रिकामा डबा पालथा घातला असता तर हे झालं नसतं. तुमच्या ओळखीत कुठे असं यंत्र उभं असेल तर आज जाऊन डबा घाला. बाकी सगळं नंतर करता येईल.

जाम इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सोडवायचा मोह होतो. तसं केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा लायनर फुटतो. आम्ही पॉवर स्टिअरिंगचं तांबडं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून सिलिंडरमध्ये ओतलं (मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब), आणि थांबलो. दर रविवारी फ्लायव्हीलच्या दातांत पहार घालून थोडा रेटा द्यायचा, पुढे आणि मागे. दट्ट्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलका ठोका. चौथ्या रविवारी पहार बोटभर सरकली. आम्ही त्या दिवशी तेवढंच केलं, परत तेल ओतलं आणि घरी आलो.

पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडाशी एक जाड फळी धरून माणूस उभा हवा. डिझेल पंपातली रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, आतून चिकटलेली असेल तर इंजिन पूर्ण डिझेल घेऊन बेफाम सुटतं, किल्ली वगैरे काही नसते. हवा बंद करणं हाच उपाय.

छोट्या गंजलेल्या भागांसाठी विजेची पद्धत उत्तम. प्लास्टिकच्या टबात पाणी, चार-पाच लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह एका भंगार लोखंडी पट्टीला, दोघांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. रात्रभरात गंज मऊ काळ्या साक्यासारखा सुटतो आणि खालच्या लोखंडाला धक्का लागत नाही. पॉझिटिव्हला स्टेनलेसची पट्टी लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवा. अॅल्युमिनियमचे भाग आणि कडक स्प्रिंगा यात घालू नका.

किती नवं करायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे. चालणारे भाग नीट करावेत, दिसणारे भाग शक्यतो राहू द्यावेत. जोडलेल्या गाडीवर सँडब्लास्टिंग केलं तर वाळू सील ओलांडून बेअरिंगमध्ये जाते, आणि सत्तर वर्षांच्या खुणा एका दुपारी जातात. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. गाडीच्या मागच्या भागावर, क्रमांकाच्या खाली, रंगात एक सावली होती: चौकोनी, कडेला चार भोकं, आतल्या बाजूला पिवळा रंग कधी पोचलाच नव्हता. मी फोटो न काढता निम्मी खरवडून टाकली. उरलेल्या अर्ध्या सावलीवरून आम्ही मापं घेतली, पण तिथे काय होतं ते कळेना.

मग माणसं शोधली. कागदांचा शोध पुण्यात सोपा आहे: पुणे अभिलेखागार, गोखले संस्थेचं ग्रंथालय, जुन्या वर्तमानपत्रांतल्या लिलावाच्या जाहिराती. पण कोणत्या गाडीवर काय बसवलं होतं हे जाहिरातीत नसतं, ते चालवणाऱ्याला माहीत असतं. आणि ते लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना भेटायला जाताना फोटो मोठे छापून न्या, मोबाइलवर दाखवू नका. ‘काय आठवतं?’ असं विचारू नका. ‘ही भोकं कशाची?’ असं विचारा.

धरणाच्या कामावर डोझर चालवलेले एक काका हडपसरला राहतात. आम्ही फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, अर्धी सावली पाहिली आणि लगेच म्हणाले, “विंच होती रे इथं. वायररोपची. पावसात ट्रक रुतले की आम्ही मागून ओढायचो.” मग उजवा हात खुर्चीच्या मागे नेऊन हवेतला एक दांडा ओढून दाखवला. “दांडा इथं यायचा, सीटच्या उजव्या अंगाला, खालच्या पत्र्यातनं वर.”

त्या संध्याकाळी आम्ही वर्कशॉपवर गेलो आणि सीटच्या उजवीकडचा पायाखालचा पत्रा रॉकेलने धुतला. मातीखाली वेल्डिंगने भरलेली एक चीर निघाली, हाताच्या चार बोटांएवढी लांब.